जीपवरचा तारा, ट्रकवरचा पिवळा गोळा आणि काळी मांजर

मागच्या अंकात इंदूरजवळच्या महूला, लष्करी छावणीच्या गावात, काढलेला एका जुन्या जीपचा फोटो छापला होता, खाली एक ओळसुद्धा न देता, आणि मग काय, व्हॉट्सअॅपवर प्रश्नांची रांगच लागली. तारा कसला, आकडा कसला, आमच्या घरच्या फोटोतपण असंच काहीतरी आहे ते काय. म्हणून या वेळी बँकेचे, बागेचे आणि मुलांच्या अॅडमिशनचे प्रश्न पुढच्या अंकात, आज सगळी जागा लष्करी गाड्यांवरच्या खुणांना. नावं देत नाहीये, नुसता मोहल्ला देतोय.

प्रश्न (सुदामा नगर): माझ्या दिराने जुनी जीप घेऊन तिचा पार कायापालट केलाय. ऑलिव्ह ग्रीन रंग, बॉनेटवर गोलात पांढरा तारा, बंपरवर ‘८२ ए बी’. म्हणतो दुसऱ्या महायुद्धातली ओरिजिनल आहे. ह्या खुणांचा अर्थ काय आणि हे खरं मानायचं का?

ताई, आधी ताऱ्याचं सांगतो. तारा मूळचा अमेरिकन लष्कराचा, १९४२ मध्ये त्यांच्या सगळ्या गाड्यांवर आला आणि पुढे ब्रिटिशांच्या, आपल्या हिंदी फौजेच्या गाड्यांवरही दिसायला लागला, म्हणजे दोस्तांची कॉमन खूणच झाली म्हणा ना. आता तो बॉनेटवर आडवा का काढतात, तर तो रस्त्यावरच्या माणसासाठी नसतोच, तो वरून जाणाऱ्या आपल्याच विमानाच्या पायलटसाठी असतो, की बाबा रे ही आपली गाडी आहे, बॉम्ब टाकू नको. आडव्या पत्र्यावर ताऱ्याचं एक टोक गाडीच्या पुढच्या दिशेला ठेवायचं असा नियम होता, तेवढं दिराच्या जीपवर बघून घ्या, बहुतेक पेंटर तारा कसाही फिरवून मोकळे होतात. भोवतीचं वर्तुळ नंतर आलं, १९४३ च्या सिसिलीच्या लढाईच्या सुमारास, कारण लांबून नुसता तारा धूसर झाला की जर्मन क्रॉससारखा दिसायचा आणि आपलेच लोक आपल्यावर गोळ्या झाडायचे.

पण रणगाडेवाले या ताऱ्यावर भयंकर वैतागलेले असायचे, कारण हिरव्या पत्र्यावर मधोमध पांढरा शुभ्र तारा म्हणजे शत्रूच्या तोफेला नेम धरायला आयतीच सोय. कित्येकांनी त्यावर चिखल फासला, काहींनी सरळ रंग मारून टाकला. आपल्यांना दिसावं आणि शत्रूला कळू नये, युद्धातल्या गाड्यांवरच्या बहुतेक सगळ्या खुणा ह्याच ओढाताणीतून निघाल्यात, खालच्या उत्तरांत तुम्हाला ते दिसेलच.

‘८२ ए बी’ म्हणजे अमेरिकेची ८२ वी एअरबोर्न डिव्हिजन (डिव्हिजन म्हणजे हजारो सैनिकांची मोठी तुकडी), पॅराशूटवाली. आपल्या इंदूरच्या ए बी रोडशी, म्हणजे आग्रा-बॉम्बे रोडशी, काही संबंध नाही, दिराला विचारून बघा त्याला काय वाटलं होतं ते. अमेरिकन गाडीच्या बंपरवर डावीकडे डिव्हिजन आणि तिच्यातली रेजिमेंट, उजवीकडे कंपनी (रेजिमेंटमधली लहान तुकडी) आणि त्या कंपनीतला गाडीचा नंबर असं ओळीने लिहिलेलं असायचं, म्हणजे नुसतं ८२ ए बी लिहून अर्धाच पत्ता झाला. बॉनेटच्या बाजूला जो लांबलचक नंबर असतो तो गाडीचा रजिस्ट्रेशन नंबर, जीपचा २० ने सुरू व्हायचा, आणि शेवटी इंग्रजी एस असेल तर त्या गाडीच्या इंजिनामुळे वायरलेसवर खरखर येऊ नये अशी व्यवस्था केलेली आहे असा अर्थ.

ओरिजिनल आहे का, तर समोरच्या जाळीच्या उभ्या फटी मोजा. युद्धातल्या विलिस आणि फोर्ड या कंपन्यांच्या जीपला नऊ फटी असायच्या, युद्धानंतरच्या सिव्हिलियन मॉडेलला सात. फोर्डची असेल तर बऱ्याच बोल्टच्या डोक्यावर इंग्रजी एफ कोरलेला सापडतो, पाना घेऊन एक दुपार घालवली तर मजा येते. आपल्याकडे महिंद्राने १९४७ पासून विलिस जीप जोडायला सुरुवात केली आणि आज ‘महायुद्धातली’ म्हणून जी जीप लग्नाच्या वरातीत फिरते ती बहुधा त्या घराण्यातली उंच बॉनेटची पुढची पिढी असते. गाडी चांगलीच आहे हो, फक्त हिटलरशी लढलेली नाहीये.

आणि हे दिराला नक्की वाचून दाखवा. केंद्रीय मोटार वाहन नियमावली १९८९, नियम १२१: संरक्षण खात्याची सोडून कुठलीही गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगात रंगवता येत नाही. तारा चालेल, तो रंग नाही. लष्कराच्या लिलावातून घेतलेली असली तरीही रंग बदलावा लागतो. वाळूच्या रंगात रंगवा म्हणावं, उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात अशाच रंगाच्या गाड्या होत्या, म्हणजे हौसही भागेल आणि चलानही फाटणार नाही.

प्रश्न (राऊ): मी रोज पीथमपूरला कामाला जातो, रस्त्यात महूच्या मिलिटरी ट्रकांचा ताफा लागतो. त्यांच्या पुढच्या बाजूला पिवळ्या गोळ्यात काळा आकडा असतो, तो काय? आणि नंबरप्लेटवर बाण का?

भिया, पिवळा गोळा म्हणजे पुलाचा हिशोब, आणि तो थेट दुसऱ्या महायुद्धातून आलेला आहे. प्रत्येक गाडीला वजनाचा एक वर्ग देतात आणि तो आकडा पुढे रंगवतात, पुलाच्या तोंडाशीही तसाच पिवळा गोळा आणि आकडा असतो, गाडीचा आकडा पुलाच्या आकड्याएवढा किंवा कमी असेल तरच पुढे जायचं. इतकं सोपं का ठेवलं, तर रात्री दोन वाजता, दिवे बंद, पाऊस पडतोय, पुलावरच्या शिपायाला प्रत्येक ड्रायव्हरला थांबवून वजन विचारायला वेळ नसतो. जीपचा आकडा २ असायचा, शेरमन रणगाड्याचा तिशीच्या घरात. पण हा आकडा म्हणजे तंतोतंत टन नाही बरं का, अॅक्सलमधलं अंतर किती, चाकं आहेत का पट्टे, वजन कसं वाटलं गेलंय हे सगळं त्यात धरलेलं असतं. एकाखाली एक दोन आकडे दिसले तर एक ट्रेलर जोडल्यावरचा आणि दुसरा एकट्या गाडीचा.

हे एवढं महत्त्वाचं का होतं ते बर्मात बघा. माघार घेणारा शत्रू पहिल्यांदा पूल उडवतो, मग तिथे बेली पूल उभारायचा, डोनाल्ड बेली नावाच्या ब्रिटिश इंजिनियरने काढलेला, लोखंडी चौकटी माणसांनीच उचलून पिनांनी जोडायच्या, क्रेन नको काही नको. १९४४ च्या डिसेंबरात कलेवा गावाजवळ चिंदविन नदीवर असा तरंगता बेली पूल टाकला, ११५४ फूट लांब, त्या वेळचा जगातला सगळ्यात लांब, आणि त्याच्यावरून बर्मात लढणाऱ्या ब्रिटिश-हिंदी चौदाव्या आर्मीच्या गाड्या पलीकडे गेल्या. अशा पुलावर एका ड्रायव्हरने आकडा न बघता गाडी घातली तर सगळ्या फौजेचा रस्ता बंद. पुढच्या वेळी खलघाटला नर्मदेच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलात तर विचार करायला विषय झाला.

बाणाचं लवकर सांगतो. बाण ही ब्रिटिशांच्या काळापासूनची सरकारी मालमत्तेची खूण, आपण ती ठेवली. बाणानंतरचे दोन आकडे म्हणजे गाडी घेतल्याचं वर्ष, मग अक्षर, मग नंबर, शेवटचं अक्षर गाडीच्या प्रकाराचं. या गाड्यांची नोंदणी आरटीओत होत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली संरक्षण खात्याची वेगळी व्यवस्था आहे.

प्रश्न (रामबाग): मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, युद्धात बर्माला होते. त्यांचा एक फोटो आहे, ट्रकला टेकून उभे आहेत. ट्रकच्या एका मडगार्डवर मांजर काढलेली आहे आणि दुसऱ्यावर एक चौकोन, वरचा अर्धा पांढरा, खालचा गडद, त्यात आकडा. आई म्हणायची कुणीतरी टवाळखोराने अपशकुनी मांजर काढलीय. खरं काय?

काकू, तुमचा फोटो मोठा करून करून बघितला आणि अक्षरशः उडालोच. टवाळखोर नाही हो, ती मांजर म्हणजे १७ वी इंडियन डिव्हिजन! पिवळ्या पाटीवर काळी मांजर, पाठीची कमान केलेली, शेपटी वर. ही डिव्हिजन १९४१ साली उभी राहिली ती आपल्या अहमदनगरला, आणि बर्मात जपान्यांशी सगळ्यात लांब झुंजलेल्या डिव्हिजनांपैकी एक. १९४२ च्या फेब्रुवारीत सितांग नदीवरचा पूल आपल्याच लोकांनी उडवला तेव्हा हिचे बहुतेक लोक पलीकडच्या काठावर अडकले होते, काही पोहून आले, कित्येक आलेच नाहीत. तिथून माघार घेत घेत भारतात, मग १९४४ ला तिडिम रोड आणि इंफाळ, आणि १९४५ च्या मार्चमध्ये हीच मंडळी बर्मातल्या मैक्तिला गावात घुसून बसली आणि जपान्यांची रसदच तोडली. आधी ह्यांची खूण वीज होती, मांजर नंतर आली. काळी मांजर जपान्यांना आडवी गेली असं म्हणा, त्यांच्यासाठी अपशकुनी ठरलीच ती.

अशा चित्रांना फॉर्मेशन साइन म्हणतात. डिव्हिजनचा नंबर गाडीवर लिहिला तर कुठल्याही हेराला कळणार की १७ वी इथे आलीय, म्हणून नंबराऐवजी चित्र. आपल्या मिलिटरी पोलिसाला ओळखू येईल, चौकात उभा राहून तो मांजरवाले डावीकडे, कोंबडेवाले उजवीकडे असं करू शकेल, आणि बाहेरच्याला काही अर्थबोध होणार नाही, निदान सुरुवातीला तरी. कोंबडेवाले म्हणजे २३ वी, लढणारा लाल कोंबडा. चौथीचा लाल गरुड, पाचवीचा आगीचा गोळा म्हणजे काळ्यावर नुसता लाल ठिपका, एकोणिसावीचा खंजीर, ज्यांनी १९४५ च्या मार्चमध्ये मंडाले घेतलं. आठवीचं क्लोव्हरचं पान, त्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती, इटलीत सेनिओ नदीवर नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला तो ह्याच डिव्हिजनमध्ये असताना. या सगळ्यांच्या वर चौदावी आर्मी, तिची खूण तिच्या सेनापतीने, जनरल स्लिमने, स्वतः काढलेली, त्यात तलवार उलटी आहे, टोक खाली. तलवारीचं टोक वर ठेवायची रीत असते पण ह्यांना बर्मा उत्तरेकडून खाली उतरत जिंकायचा होता, म्हणून टोक खाली. मला हा माणूस आवडतो.

फाळणीनंतर या चित्रांचीही वाटणी झाली. सातवीचा सोनेरी बाण पाकिस्तानात गेला, पुढे आपल्याकडे नवी सातवी डिव्हिजन उभी राहिली तिनेही सोनेरी बाणच घेतला, त्यामुळे आज सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना गोल्डन अॅरो डिव्हिजन आहे. काळी मांजर आपल्याकडेच आहे, १७ वी डिव्हिजन म्हणजे आजही ब्लॅक कॅट.

आता दुसऱ्या मडगार्डवरचा चौकोन, कारण नानांचं काम त्यात आहे. मांजर सांगते डिव्हिजन कुठली, चौकोन सांगतो डिव्हिजनमधलं खातं कुठलं. तोफखान्याचा चौकोन वर लाल खाली निळा, सप्लायवाल्यांचा तिरपा कापलेला लाल आणि हिरवा, हेडक्वार्टरचा नुसता काळा, पायदळाच्या ब्रिगेडचे लाल, हिरवा, तपकिरी. कृष्णधवल फोटोत लाल की निळा हे सांगता येत नाही, दोन्ही करडेच दिसतात आणि लोक तिथेच फसतात. पण तुमच्या फोटोत वरचा अर्धा स्वच्छ पांढरा आहे, आणि वर पांढरा खाली निळा हा चौकोन सिग्नल्सचा. म्हणजे नाना ज्या ट्रकला टेकलेत तो वायरलेसवाल्यांचा ट्रक आहे. मागे ताडपत्रीच्या वर बारीक काठी दिसतेय ती मला तंबूची वाटत नाही, एरियल असावी. एक ट्रक म्हणजे पुरावा नाही हे खरं, दुसऱ्याच्या ट्रकपाशी उभं राहूनही लोक फोटो काढून घ्यायचे, पण नाना परत आल्यावर रेडिओ दुरुस्त करायचे असं तुम्हीच लिहिलंय, त्यामुळे मला फारशी शंका नाही. डिस्चार्जचे कागद ट्रंकेत असतील तर त्यावरचा सर्व्हिस नंबर शोधा आणि जबलपूरच्या सिग्नल्स रेकॉर्ड्सला रीतसर पत्र पाठवा. नातवाला सांगा, ईमेल तो करेल.

प्रश्न (विजय नगर): युद्धातल्या आपल्या हवाई दलाच्या विमानांवरच्या रंगीत गोल खुणेत मधला लाल ठिपका का दिसत नाही?

जपानी विमानावर लाल गोळा असायचा म्हणून. बर्माच्या आघाडीवर लाल दिसला की आपले तोफवाले आधी झाडायचे आणि मग बघायचे, त्यामुळे इथल्या विमानांवरचा लाल काढून फक्त निळ्याच्या छटा ठेवल्या. अमेरिकनांनीही याच कारणाने १९४२ च्या मे महिन्यात आपल्या विमानांवरच्या ताऱ्यातला लाल ठिपका पुसला.

प्रश्न (नववीतला विद्यार्थी, वैशाली नगर): गेममध्ये जर्मन टँकवर १३१ असा नंबर असतो तो काय? आणि जर्मन लोक टँकवर स्वस्तिक काढायचे का, आपण दसऱ्याला गाडीवर काढतो तसं?

नंबर आधी. पहिला आकडा कंपनी, दुसरा प्लॅटून (कंपनीतली छोटी तुकडी), तिसरा गाडी. १३१ म्हणजे पहिली कंपनी, तिसरी प्लॅटून, पहिला रणगाडा. हा खरोखरचा टायगर नावाचा जर्मन रणगाडा आहे, १९४३ ला ट्युनिशियात ब्रिटिशांनी पकडला आणि इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या म्युझियममध्ये आजही चालू स्थितीत आहे, स्टार्ट करून पळवतात त्याला. नंबरात रोमन अंक किंवा इंग्रजी आर दिसला तर तो बटालियन नाहीतर रेजिमेंटच्या साहेबाचा रणगाडा, म्हणजे विरोधी तोफेवाल्याला कुणाला आधी टिपायचं ते फुकट कळायचं.

स्वस्तिकाचं म्हणशील तर रणगाड्याच्या अंगावर मुख्य खूण ती नव्हती, सरळ क्रॉस असायचा. १९३९ ला पोलंडमध्ये शिरले तेव्हा तो भलामोठा पांढरा क्रॉस होता, पोलिश तोफखान्याने बरोबर त्याच्या मध्यावर नेम धरायला सुरुवात केली, मग घाईघाईने तो मळकट करून नंतर काळा आणि पांढऱ्या कडांचा केला. त्यांचं वाकडं स्वस्तिक विमानाच्या शेपटीवर, रणगाड्यावर पसरलेल्या झेंड्यावर आणि आफ्रिकेत जर्मन सेनापती रोमेलच्या फौजेच्या ताडाच्या झाडाच्या खुणेवर असायचं. फिनलंडच्या विमानांवर तर निळं स्वस्तिक १९१८ पासूनच होतं, तेव्हा हिटलरला कुणी ओळखतही नव्हतं. अमेरिकेच्या ४५ व्या डिव्हिजनचीही खूण पिवळं स्वस्तिक होती, तिथल्या मूळ रहिवाशांकडून घेतलेली, नाझींमुळे ती टाकून त्यांनी थंडरबर्ड पक्षी घेतला. तुझ्या बाबांच्या स्कूटरवर कुंकवाचं आहे ते असू दे, त्याची कुळी वेगळी.

प्रश्न (मल्हारगंज): आमचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. आमच्या ट्रकांच्या मागे जशी शायरी असते तसं रणगाड्यांवर कुणी लिहायचं का?

लिहायचे ना, आणि ह्यात रशियनांचा हात कुणी धरला नाही. ‘मातृभूमीसाठी’, ‘स्टालिनसाठी’ हे तर ठरलेलंच, पण गावांनी, कारखान्यांनी वर्गणी काढून दिलेल्या रणगाड्यांवर देणाऱ्याचं नावही रंगवत. त्यातली एक गोष्ट सांगतो. मारिया ओक्त्याब्रस्काया नावाची बाई, नवरा १९४१ ला लढाईत गेला, हिने घरातलं होतं नव्हतं ते विकून ५०,००० रूबल उभे केले, स्टालिनला पत्र लिहिलं की ह्या पैशातून रणगाडा बांधा, त्यावर ‘लढाऊ सखी’ असं नाव घाला आणि चालवायला मला द्या. आणि दिला की! टी-३४ हा रशियन रणगाडा. नुसती ड्रायव्हर नाही तर गोळीबार चालू असताना उतरून तुटलेला पट्टा जोडणारी. अशीच पट्टा दुरुस्त करताना १९४४ च्या जानेवारीत जखमी झाली आणि मार्चमध्ये गेली. तुमच्या ड्रायव्हरांना सांगा, स्टेपनी बदलताना कुरकुर करणार नाहीत.

प्रश्न (साकेत): माझे मिस्टर डॉक्टर आहेत, कारच्या काचेवर लाल क्रॉस आहे. सोसायटीतले एक रिटायर्ड कर्नल म्हणाले की हे बेकायदेशीर आहे. असं कसं?

कर्नलसाहेब बरोबर आहेत. वरच्या सगळ्या खुणा आपल्या लोकांसाठी, शत्रूला समजू नये म्हणून आटापिटा, आणि लाल क्रॉस नेमका उलटा, तो शत्रूला दिसावा म्हणूनच काढतात. १८६४ च्या जिनिव्हा करारातून आला, म्हणून युद्धात अॅम्ब्युलन्सच्या छतावर, दोन्ही बाजूंना, पांढऱ्या जमिनीवर होईल तेवढा मोठा क्रॉस असायचा, की आत जखमी आहेत, मारू नका. तो ज्याला त्याला वापरता आला तर त्याच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून तो लष्कराच्या वैद्यकीय दलासाठी आणि रेडक्रॉस संस्थेसाठी राखीव आहे. आपल्याकडे त्यासाठी जिनिव्हा कन्व्हेन्शन्स अॅक्ट १९६० आहे, दंड ५०० रुपयांपर्यंत, कायदा जुना असल्यामुळे रक्कमही जुनीच. मिस्टरांना म्हणावं हेअर ड्रायरने स्टिकर गरम करा, पटकन निघतं, आणि त्या जागी नुसतं ‘डॉक्टर’ लिहा. तसंही त्या क्रॉसमुळे राजवाड्यावर पार्किंग कुठे मिळत होतं.